लोहगड न लढता का पडला?

मुंबईहून पुण्यास आगगाडीने येणारा प्रवासी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळे मागे टाकतो न टाकतो, तोच त्याच्या उजव्या हातास दोन उत्तुंग दुर्ग उभे राहिलेले दिसतात. एक लोहगड व दुसरा विसापूर. मळवलीच्या स्थानकावर उतरून भाजे गावावरून वर चढू लागावे, म्हणजे गायमुखाच्या खिंडीत दोन्ही किल्ल्यांच्या मधोमध आपण येतो. लोहगडाचे एकामागून एक येणारे बुलंद दरवाजे, सर्पाकार चढण आणि पश्चिमेकडे झेपावलेला विंचूकाटा पाहिला, म्हणजे हे स्थळ बाहुबलाने कोणी घेईल, ही गोष्ट मनास पटत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगडाचे नाव आले, तेव्हा आम्हां मावळवासीयांस झालेला आनंद वर्णावा तितका थोडाच आहे.

परंतु याच गडाविषयीचा एक प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे सलत राहिला आहे. आम्ही मावळातील एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास शिकविला. दरवर्षी मार्गशीर्षात मुलांस घेऊन आम्ही लोहगडावर जात असू. एके वर्षी गणेश दरवाजापाशी बसून शिदोरी सोडली असता आम्ही मुलांस सांगितले की, १८१८ च्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस कर्नल प्रॉथर याने विसापूर घेतला आणि दुसऱ्या दिवशी लोहगडही विनाप्रतिकार त्याच्या हाती आला. तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, एवढा गड न लढता कसा दिला?" आम्ही इतिहासाच्या शिक्षकास साजेल असे तयार उत्तर दिले, "फितुरी, दुसरे काय! शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावणारे बाळाजीपंत नातू तुम्हांस ठाऊक आहेतच." मुलगा गप्प बसला; परंतु त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसले. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. तथापि तेच उत्तर आम्ही पुढेही कित्येक वर्षे देत आलो.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास अवकाश मिळाला. अलीकडे नातीस रशियातील राज्यक्रांतीचा धडा समजावून सांगत असता ४०० कोसांवरचे नव्हे, तर हजारो कोसांवरचे ते राज्य आम्हांस आपल्या मावळाच्या शेजारी येऊन बसल्यासारखे वाटू लागले, आणि त्या मुलास दिलेले उत्तर किती तोकडे होते, हे ध्यानात आले. तेच आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम याच मावळातील एका निराळ्या प्रसंगाचे स्मरण केले पाहिजे. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांस पुण्याच्या कारभारावर बसविण्याच्या मिषाने सुमारे ३,९०० लोकांची फौज बोरघाटाकडे रवाना केली. तिच्याबरोबर तोफा, सामानसुमान आणि सुमारे १९,००० बैल होते. एवढा गाडा ओढीत ती फौज डिसेंबरच्या अखेरीस घाटमाथ्यावर आली. परंतु खंडाळ्याहून तळेगावापर्यंत येण्यास तिला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. मराठ्यांच्या टोळ्या रात्रंदिवस तिच्या भोवती घिरट्या घालीत होत्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन आपल्या लोकांनी त्यास 'इष्टूर फाकडा' हे नाव दिले, ते अद्याप मावळात कोणी विसरलेले नाही. ९ तारखेस इंग्रज तळेगावास पोहोचले, तो गाव जळून खाक झालेला! ना दाणा, ना वैरण. पुढे चिंचवड आणि प्रसंग पडल्यास खुद्द पुणेही जाळून टाकण्याची मराठ्यांनी तयारी ठेविली आहे, असे वर्तमान त्यांस लागले. राघोबादादांनी इंग्रजांस सांगून ठेविले होते की, आपण घाट चढताच सरदार येऊन मिळतील. परंतु नाव घेण्याजोगा एकही सरदार आला नाही. अखेर ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून आणि सामान जाळून इंग्रजांनी पाय मागे घेतला. १२ तारखेस ते वडगावात कोंडले गेले आणि १६ जानेवारी रोजी त्यांस तह लिहून द्यावा लागला. मुंबईकरांनी व कलकत्तेकरांनी तो तह पुढे मानला नाही, हे खरे. तथापि १७८१ त जनरल गॉडर्ड पुन्हा बोरघाट चढून आला, तेव्हा त्यासही हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी हैराण करून परत लाविले. अखेर १७८२ त सालबाईचा तह झाला.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, १७७९ आणि १८१८ यांमध्ये अंतर अवघे ३९ वर्षांचे. घाट तोच, गड तेच, पाऊस-पाणी तेच, आणि मावळे तर त्याच मावळ्यांचे मुलगे व नातू. पहिल्या खेपेस गाव जळले तरी सरकार टिकले. दुसऱ्या खेपेस गड शाबूत असता सरकार गेले. हा फरक एकट्यादुकट्याच्या फितुरीने पडत नाही.

येथे आम्हांस कौटिल्याच्या सप्तांगांची आठवण होते. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही राज्याची सात अंगे त्या आचार्याने सांगितली आहेत. दंड म्हणजे सैन्य आणि जनपद म्हणजे मुलूख व त्यातील रयत. या अंगांपैकी कोणावर आलेले संकट अधिक भारी, याविषयी पूर्वाचार्यांचे मतभेद सांगून कौटिल्य आपला अभिप्राय असा देतो की, क्रमाने आधी येणाऱ्या अंगाचे संकट नंतरच्या अंगाच्या संकटापेक्षा अधिक घातक होय. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, या क्रमात रयत ही किल्ल्याच्याही आधी आहे आणि खजिन्याच्याही आधी आहे.

या मापाने पेशवाईची शेवटची वीस-बावीस वर्षे तपासून पाहू. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात गेले. पुढल्या वर्षाच्या डिसेंबरात दुसरे बाजीराव गादीवर आले. त्यांस गादी मिळवून देणाऱ्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पगार भागवावयाचा म्हणून १७९८ त सर्जेराव घाटग्याने पुण्यातील सधन गृहस्थांस पकडून जो छळ मांडला, त्याचे वर्णन वाचवत नाही. म्हणजे युद्धाचा खर्च शत्रूच्या मुलखातून नव्हे, तर स्वतःच्या राजधानीतील घराघरांतून वसूल होऊ लागला. १८०० च्या मार्चात नाना फडणीस वारले. त्यांची तरुण विधवा जिऊबाई याच लोहगडाच्या आश्रयास राहिली आणि नानांचा विश्वासू धोंडोपंत नित्सुरे याने गड पेशव्यांच्या हाती दिला नाही. पुढे इंग्रजांच्या जनरल वेलस्लीची हमी मिळाली, तेव्हाच गड खाली झाला. पेशव्यांच्या राज्यातील किल्लेदारास पेशव्यांच्या शब्दापेक्षा परकीय सेनापतीचा शब्द अधिक भरवशाचा वाटावा, याहून मोठे अशुभ लक्षण कोणते? गड १८१८ त गेला असे आम्ही शिकविले. त्याचा पाया त्याच्या पंधरा वर्षे आधीच हलला होता.

१८०१ त विठोजी होळकरांस हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा सूड म्हणून यशवंतराव होळकर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत पेशव्यांचा व शिंद्यांचा मोड झाला. बाजीराव पळून वसईस गेले आणि ३१ डिसेंबर रोजी तह करून सहा पलटणी इंग्रजी फौज व तिच्या खर्चाकरिता २६ लाखांचा मुलूख त्यांनी पदरी बांधून घेतला. लष्करांच्या येण्याजाण्याने शेते तुडविली गेली होतीच. त्यात १८०३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि पुणे प्रांतात घोर दुष्काळ पडला. मुलूख ओसाड झाला. परंतु सरकारची मागणी मात्र कमी झाली नाही.

कमी होणे दूरच. वसुलीची रीतच पालटली. नानांच्या काळी मामलेदार बहुधा वर्षानुवर्षे एकाच मुलखात राहत आणि त्यांचे हिशेब हुजुरात बारकाईने तपासले जात. बाजीरावांच्या कारकिर्दीत मामलती लिलावाने दिल्या जाऊ लागल्या. दरबारातील जो अधिक बोली करील त्यास इजारा, तोही थोड्या मुदतीचा. आणि मुदतीच्या आत दुसरा कोणी चढ करील तर पहिल्यास दूर सारावयाचे! मोठा इजारदार तो मुलूख तुकड्यातुकड्यांनी धाकट्यांस देई, धाकटा पाटलावर चढे आणि पाटील कुळावर. ज्यास पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हेच ठाऊक नाही, तो विहीर पडली तर कशास बांधील, आणि दुष्काळात सूट तरी कशास देईल? या रीतीने बाजीरावांनी दरवर्षी सुमारे ५० लाख शिल्लक टाकून पाच कोटींहून अधिक द्रव्य साठविले, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नमूद केले आहे. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा घेऊन तृप्त झालेल्या आमच्या पूर्वजांस हा पैसा कोठून आला, असा प्रश्न क्वचितच पडला असेल. तो मावळातील कुळाच्या कणगीतून आला होता, हे आज तरी आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, मग बाजीरावांचा कोश तर भरलेला होता. राज्य पैशावाचून बुडाले नाही. अगदी बरोबर, आणि हेच या प्रकरणातील मर्म आहे. ते नीट कळावे म्हणून आता रशियाकडे वळू.

१९१४ च्या ऑगस्टात पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या घराण्यास गादीवर ३०१ वर्षे झाली होती. युद्धाच्या आरंभी राजधानीतील लोकांनी त्याच्यापुढे गुडघे टेकून जयघोष केला. युद्धाच्या कामी सुमारे दीड कोटी माणसे उभी केली गेली. परंतु त्याच वर्षी सरकारने दारूची विक्री बंद केली आणि उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका फटक्यात घालविला. ती तूट नोटा छापून भरून काढण्यात येऊ लागली, तेव्हा जिन्नसांचे भाव अनेक पटींनी चढले. रशियात धान्य नव्हते असे नाही. ते दक्षिणेस व सैबेरियात होते. परंतु आगगाड्या सैन्याच्या कामात गुंतलेल्या, इंजिने मोडकळीस आलेली. आणि कारखाने दारूगोळा करण्यात गढल्यामुळे शेतकऱ्यास धान्य विकून मिळालेल्या नोटांनी ना कापड मिळे, ना खिळा. साहजिकच त्याने धान्य घरात ठेवून दिले. १९१५ त पोलंडचा सर्व मुलूख हातचा गेला. तेव्हा झारने स्वतः सेनापतिपद घेतले आणि तो राजधानी सोडून मोगिलेव्ह येथील छावणीत जाऊन राहिला. मागे राणीचा कारभार आणि तिच्यावर रास्पुतीन नामक एका साधूचा पगडा. १९१६ च्या आरंभापासून अवघ्या पंधरा महिन्यांत चार मुख्यप्रधान झाले. आमच्या इजारदारांप्रमाणेच यांपैकी कोणासही उद्याची शाश्वती नव्हती.

शेवट किती झपाट्याने झाला पाहा. ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राड येथील गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. चार दिवसांनी, म्हणजे १२ तारखेस, त्यांच्यावर गोळी घालण्यास धाडलेल्या पलटणीच त्यांस जाऊन मिळाल्या. १५ तारखेस झारने आगगाडीच्या डब्यात बसून राजत्यागाच्या कागदावर सही केली. तीनशे वर्षांची सत्ता आठवड्याभरात गेली. आघाडीवर तेव्हाही लाखो सैनिक खंदकांत उभे होते. सेनापतींनी मात्र झारसाठी तरवार उपसली नाही. उलट त्यानेच बाजूस व्हावे, असा सल्ला त्यांनी तारेने कळविला.

धान्य आहे, पण ते शहरात येत नाही. सैन्य आहे, पण ते राजासाठी लढत नाही. पेशवाईचेही अक्षरशः हेच झाले. द्रव्य होते, गड होते, शूर माणसेही होती. परंतु या अंगांस एकत्र बांधणारा धागा तुटला होता. युद्ध सुरू होताना बाजीरावांनी फौज उभारण्यासाठी बापू गोखल्यांच्या हाती सुमारे एक कोट रुपये दिले. पण ज्या पटवर्धनांस त्यांनी वर्षानुवर्षे गांजले, ज्या रास्त्यांची जहागीर हिरावली, त्यांचे मन त्या एका कोटीत परत कसे मिळावे? ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांकडे सुमारे २६,००० लोक होते आणि इंग्रजांकडे २,८०० च्या आसपास. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. आपला पराभव झाला. त्याच दिवशी तिकडे ग्वाल्हेरीस शिंदे इंग्रजांशी तह करून मोकळे झाले होते. मित्र नावाचे सातवे अंगही असे गळून पडले. १७ तारखेस शनिवारवाड्यावर परकीय निशाण चढले. नातूंनी ते लावले असेल. परंतु वाड्याचा दरवाजा त्याआधीच आतून मोकळा पडला होता.

यानंतर ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून एल्फिन्स्टन साहेबाने एक जाहीरनामा काढला. वतने, इनामे व देवस्थाने चालू राहतील. इजाऱ्याची पद्धत बंद होऊन माफक वसूल घेतला जाईल. आणि जे वतनदार बाजीरावांची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत आपापल्या गावी परततील, त्यांस धक्का लागणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्या चतुर मनुष्याने रयतेच्या नेमक्या ठणकणाऱ्या जागेवर बोट ठेविले. पुढे शंभर वर्षांनी लेनिनने शांतता, भाकरी आणि जमीन या तीन शब्दांनी रशियात तेच केले. जाहीरनाम्यानंतर तीन आठवडे होतात न होतात, तोच प्रॉथरची फौज विसापुराखाली आली. गडावरील शिबंदीचा मनुष्य काय विचार करीत असेल? त्याचा धनी मुलूखभर पळत होता. बापू गोखले फेब्रुवारीतच आष्टीस पडले होते. आणि खाली गावात त्याचे वतन, त्याची चार खंडी भाताची जमीन त्याची वाट पाहत होती. त्याने गड सोडला, त्याचे आम्हांस आता नवल वाटत नाही.

शौर्य सरले होते, असे मात्र कोणी समजू नये. लोणावळ्याच्या दक्षिणेस असलेला कोरीगड त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तोफांच्या माऱ्यास तोंड देत उभा राहिला, आणि गडावरील दारूगोळ्याचा स्फोट झाल्यावरच, १४ मार्च रोजी, शरण गेला. रायगडही मे महिन्यापर्यंत झुंजला. परंतु जेथे तेथे एकेक गड आपापल्या हिमतीवर लढला. सर्व मिळून एक राज्य असे लढले नाही. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाले आणि सालिना आठ लाखांचे वेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेले. रयतेस दिलेले वचन नव्या राज्यकर्त्यांनीही फार दिवस पाळले नाही. १८३० च्या सुमारास प्रिंगलच्या भारी धाऱ्याने याच पुणे जिल्ह्यातील कुळे गावे सोडून गेली. म्हणजे गड सोडणाऱ्याचा हिशेब अखेर चुकलाच. पण तो चुकीचा हिशेब करण्याची पाळी त्याच्यावर कोणी आणिली, हा खरा प्रश्न आहे.

युद्ध राज्ये बुडविते, असे आपण म्हणतो. आमच्या मते हे अर्धेच सत्य होय. युद्ध हे सावकारासारखे एकाएकी दारात येऊन उभे राहते आणि राज्याने प्रजेपाशी किती विश्वास जमा करून ठेविला आहे, त्याचा हिशेब मागते. १७७९ त तो जमेस होता, म्हणून जळलेल्या तळेगावाच्या राखेतून वडगावचा विजय निघाला. १८१८ त जामदारखान्यात कोटी होत्या. पण ही शिल्लक शून्य होती. १९१७ त पेट्रोग्राडच्या राजवाड्यातही तेच आढळले.

फितूर हा शब्द मुलांस शिकविण्यास सोपा व मोठ्यांस ऐकण्यास गोड असतो. कारण त्याने सगळा दोष एका माणसाच्या माथी मारता येतो आणि बाकीचे आपण सर्व निर्दोष ठरतो. आम्हीही तो सोपा मार्ग धरला होता. गणेश दरवाजापाशी प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आज चाळिशीचा झाला असेल; कदाचित आपल्या मुलास घेऊन तो त्याच पायऱ्या चढत असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडलाच, तर त्याने आपल्या गुरुजींचे जुने उत्तर खोडून त्या जागी हे लिहून घ्यावे: लोहगड मार्चच्या ५ तारखेस पडला नाही. ज्या दिवशी मावळातील पहिल्या कुळाने इजारदाराच्या भीतीने आपली कणगी जमिनीत पुरली, त्या दिवशीच तो पडू लागला होता.